स्प्लिटहून परत स्प्लिटला कशाला?

पत्र

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण क्रोएशियाला निघालोय: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझे आईबाबा. स्प्लिटला चार रात्री, मग झाग्रेबला दोन रात्री आणि तिथून परतीचं विमान. स्प्लिटहून प्लिटविचेच्या राष्ट्रीय उद्यानात धबधबे बघायला गाईडसह एका दिवसाची सहल घ्यायचा विचार आहे. सकाळी साडेसातला निघून रात्री साडेआठला परत, उद्यानात ‘साधारण चार तास’ असं माहितीपत्रकात लिहिलंय. नवरा म्हणतो गाडी भाड्यानं घेऊ, गाईड हवाच कशाला? मुलाला धबधब्याखाली पोहायचंय. आईचे गुडघे दुखतात. ती म्हणते, ‘मी बसमध्ये बसते, तुम्ही बघून या.’ तिनं चाळीस वर्षं गाणं शिकवलं, कुठं फिरली नाही. खरं तर तिच्यासाठीच हा प्रवास ठरवला. तिला त्या दिवशी हॉटेलवर ठेवावं, की सहलच रद्द करावी?

— एक वाचक

उत्तर

सहल रद्द करू नका आणि आईंना हॉटेलवरही ठेवू नका. फक्त ती ज्या दिवशी ठेवली आहे, तो दिवस बदला.

नकाशा उघडा. प्लिटविचे स्प्लिट आणि झाग्रेब यांच्या मधे आहे. स्प्लिटपासून साधारण २५० किलोमीटर, झाग्रेबपासून १३०. तुम्ही आधी स्प्लिटहून तिथं जाणार, संध्याकाळी तेवढंच अंतर उलटं येणार आणि एकदोन दिवसांनी सामान बांधून पुन्हा त्याच दिशेनं झाग्रेबला निघणार. सगळं मिळून नऊशे किलोमीटरच्या वर प्रवास होतो. त्याऐवजी ज्या दिवशी स्प्लिट सोडताय त्याच दिवशी वाटेत प्लिटविचेला उतरलात आणि संध्याकाळी पुढं झाग्रेब गाठलंत, तर पावणेचारशे-चारशे किलोमीटरमध्ये दोन्ही कामं होतात. शिवाय स्प्लिटमधला एक अख्खा दिवस मोकळा मिळतो. दुखऱ्या गुडघ्यांना चालण्याइतकाच त्रास पाय दुमडून सात तास बसमध्ये बसण्याचाही होतो, हे आपण सहल ठरवताना नेहमी विसरतो.

अशा एकतर्फी गाईडसह सहली मिळतात. स्प्लिटला बसायचं, सामान गाडीच्या डिकीत, उद्यान बघायचं आणि झाग्रेबला उतरायचं. तुम्ही पाच जण आहात, त्यामुळे चालकासह एखादी मोठी गाडी आणि उद्यानापुरता वेगळा गाईड हा पर्यायही हिशेबात धरा. मोठ्या बसच्या पाच तिकिटांपेक्षा तो महाग पडेल, पण फरक वाटतो तेवढा नसतो, आणि कधी निघायचं, कुठं थांबायचं हे तुमच्या हातात राहतं. दोन्ही भाव मागवा, मगच ठरवा.

आता त्या ‘साधारण चार तासां’बद्दल. माहितीपत्रकातला मला सर्वांत जास्त खटकलेला शब्द हा ‘साधारण’. त्या चार तासांत प्रवेशद्वारावरची गर्दी असते, स्वच्छतागृहाची रांग असते, होडीसाठी थांबणं असतं, कधीकधी जेवणही त्यातच धरलेलं असतं. प्रत्यक्ष पाण्याजवळ राहतात अडीच-तीन तास. म्हणून कंपनीला विचारताना ‘उद्यानात किती तास’ असं विचारू नका. ‘कोणत्या प्रवेशद्वारातून आत जाणार, कोणत्या अक्षराच्या मार्गानं चालणार आणि कुठून बाहेर पडणार’ असं विचारा. या एका प्रश्नावर कळतं की समोरच्यानं हे उद्यान खरोखर पाहिलंय की नुसती तिकिटं विकतोय.

अक्षराचं समजावून सांगते. प्लिटविचेत नाव असलेली सोळा तळी एकाखाली एक अशी पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जातात. वरची बारा, खालची चार. सर्वांत वरचं प्रोश्चान्स्को समुद्रसपाटीपासून ६३६ मीटरवर, सर्वांत खालचं ५०३ मीटरवर. प्रत्येक तळं भरून आपल्या काठावरून खालच्यात सांडतं, तेच हे धबधबे. फिरण्याचे मार्ग उद्यानानं आखून त्यांना इंग्रजी अक्षरं दिली आहेत आणि वाटेवर त्या अक्षरांच्या पाट्या लावल्या आहेत. ‘ए’ आणि ‘बी’ हे पहिल्या प्रवेशद्वारातून सुरू होणारे छोटे मार्ग, अनुक्रमे साडेतीन आणि चार किलोमीटरचे. ‘सी’ आठ किलोमीटरचा, चार ते सहा तासांचा, त्यात वरची-खालची दोन्ही तळी येतात. दुसऱ्या प्रवेशद्वारातून निघणारा ‘एच’ जवळपास नऊ किलोमीटरचा, वेळ तेवढाच. ‘एच’मध्ये उद्यानाची गाडी तुम्हाला आधी वर नेऊन सोडते आणि तुम्ही पाण्याबरोबर खाली उतरत येता. मधे कोझ्याक हे सर्वांत मोठं तळं विजेवर चालणाऱ्या होडीतून ओलांडायचं, मग खालची तळी, शेवटी ७८ मीटरचा वेलिकी स्लाप, म्हणजे शब्दशः ‘मोठा धबधबा’. होडीचं आणि त्या गाडीचं भाडं प्रवेशतिकिटातच असतं. धडधाकट माणसांसाठी माझी पसंती ‘एच’लाच, कारण पाणी ज्या दिशेनं वाहतं त्याच दिशेनं आपण चालतो आणि चढ कमी लागतो. तरी शेवटी खालच्या घळीतून वर यायचा चढ आहेच, तो माहितीपत्रकात नसतो.

तुमचे यजमान म्हणतात त्यात तथ्य आहे. वाट सापडण्यासाठी गाईड लागत नाही. पाट्या स्पष्ट आहेत, कुणी हरवत नाही. नुसतं रस्ता दाखवायला आणि पुढं झेंडा धरून चालायला कुणी येणार असेल, तर ते पैसे खरोखर वाचवा.

पण मला विचाराल तर तिथं चांगला गाईड घ्यावा, आणि त्याचं कारण हे की प्लिटविचेत जे दिसतं ते सांगितल्याशिवाय समजत नाही. आपल्या डोक्यात धबधबा म्हणजे पाणी खडक कापत जातं. इथं पाणी खडक *बांधतं*. डोंगरातल्या चुनखडीतून झिरपताना त्यात चुना विरघळतो. ते पाणी उघड्यावर येऊन फेसाळतं, उसळतं, तेव्हा त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि विरघळलेला चुना पाण्याबाहेर पडायला लागतो. तो बसतो कशावर? मॉसवर, शेवाळावर, पडलेल्या फांद्यांवर. मॉस खालून दगड होत जातो आणि वरून हिरवा वाढत राहतो. अशा थरांनी बांध उभे राहतात, बांधांमागं पाणी साचून तळी होतात, तळी भरून सांडतात आणि सांडताना पुन्हा बांध वाढवतात. म्हणजे तुमच्यासमोरचा धबधबा तुम्ही बघत असतानाच अगदी हळूहळू वाढतोय. यात मॉस आणि शेवाळांचा केवढा वाटा आहे, हे इवो पेवालेक नावाच्या क्रोएशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं दाखवून दिलं आणि ही जागा जपावी म्हणून आवाज उठवला. १९४९मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं, क्रोएशियातलं सर्वांत जुनं. १९७९मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं. नऊ वर्षांच्या मुलाला पाण्यात बुडालेली, चुन्याचं पांढरं कवच चढलेली एखादी फांदी दाखवून हे सगळं सांगणारा माणूस भेटला, तर तो दिवस त्याच्या लक्षात राहील.

तुमच्या बाबांना इतिहासाची आवड असेल, तर गाईडला १९९१बद्दलही विचारू द्या. त्या वर्षी ३१ मार्चला, ईस्टरच्या रविवारी, याच तळ्यांजवळ क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धातली पहिली माणसं मारली गेली. पुढं १९९२ ते १९९७ हे उद्यान धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत होतं. आज तळ्यांकाठी फिरताना हे सहज लक्षात येत नाही, म्हणूनच कुणीतरी सांगायला हवं.

म्हणून गाईडबद्दल दोनच गोष्टी आधी लेखी विचारून घ्या. पहिली, गटात किती माणसं? तिथल्या लाकडी वाटा अरुंद आहेत. चाळीस-पन्नास जणांच्या रांगेत शेवटच्या माणसाला गाईडचा एक शब्द ऐकू येत नाही, आणि तुमच्यातला हळू चालणारा माणूस नेमका शेवटीच असणार. दुसरी, गाईड परवानाधारक आहे का आणि तो *आत* चालतो का? काही सहलींत ‘गाईड’ म्हणजे बसमध्ये माइकवर बोलणारी व्यक्ती असते. ती तुम्हाला दारापाशी सोडते आणि ‘चार वाजता इथंच भेटा’ म्हणते.

आता आईंबद्दल.

‘मी बसमध्ये बसते, तुम्ही बघून या.’ हे वाक्य मी ओळखते. अशाच एका सहलीत मी माझ्या आईला खाली एका बाकावर बसवून वर गेले होते. तासाभरात येतो म्हणाले, अडीच तास लागले. आल्यावर ती रागावली नाही. ‘इथूनही आवाज छान येत होता,’ एवढंच म्हणाली. पुढं तिच्याबरोबर तसा प्रवास करायचा योग आला नाही. ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

आपल्या आया हे जे बोलतात, त्यात गुडघ्याचं दुखणं थोडं असतं आणि ‘माझ्यामुळं तुमचा खोळंबा नको’ ही भीती जास्त असते. म्हणून ‘येतेस का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नको’ हेच येणार. त्याऐवजी त्यांच्यासमोर दोन ठरलेल्या गोष्टी ठेवा आणि निवड त्यांना करू द्या.

एक. पहिल्या प्रवेशद्वारापासून अगदी थोडं चाललं की कड्यावर पाहण्याच्या जागा आहेत. तिथून खालची निळीहिरवी तळी आणि समोर वेलिकी स्लाप एका नजरेत दिसतो. प्लिटविचेची जी चित्रं आपण पाहिलेली असतात त्यातली बरीच इथूनच घेतलेली. घळीत न उतरता हे बघता येतं. काहीही झालं तरी आईंचं एवढं चुकवू नका. बसमध्ये बसायचंच असेल, तर हे बघून आल्यावर बसू दे.

दोन, आणि हे मला जास्त आवडेल. दुसऱ्या प्रवेशद्वारातून खाली होडीच्या धक्क्यापर्यंत जायचं, होडीनं कोझ्याक ओलांडायचं आणि पलीकडच्या धक्क्यावर उतरायचं. तिथं मोठं कुरण आहे, बसायला बाकं, खायला काहीतरी, स्वच्छतागृहं. तिथून खालच्या तळ्यांकडं जेवढं जमेल तेवढं चालायचं, दमलं की वळायचं आणि त्याच होडीनं परत. धक्क्यापर्यंतचा उतार येताना चढ होतो, तो सावकाश चढावा लागेल. चालायची काठी न्या. घरी वापरत नसल्या तरी इथं न्या, फळ्या ओल्या असतात. यजमान आणि मुलगा गाईडबरोबर वरची तळी करून येतील, तुम्ही आईंबरोबर राहा किंवा बाबांना राहू दे, आणि सगळे त्या कुरणावर भेटा. असं मधे फुटून पुन्हा एकत्र येणं मोठ्या गटाच्या सहलीत जमत नाही. वेगळा गाईड घ्या म्हणते ते यासाठीही.

एक मात्र पाळा. आईंजवळ कुणीतरी थांबायचं असेल, तर ते आधीच ठरलेलं असू दे. तिथं पोचल्यावर ‘मग कोण थांबतंय?’ अशी चर्चा त्यांच्या कानावर पडली, की त्या लगेच बसकडं चालू लागतील.

मुलाला आजच सांगून टाका की प्लिटविचेत पोहता येत नाही. कुठल्याच तळ्यात नाही, पायसुद्धा बुडवायचे नाहीत. मघाशी सांगितलेले ते चुन्याचे बांध नाजूक आहेत आणि पाण्यावर अवलंबून आहेत, म्हणून हा नियम. तिथल्या माशांना काही खायला टाकायलाही मनाई आहे. पाणी इतकं नितळ असतं की मासे हाताला लागतील असं वाटतं, आणि मुलांचा हात आपोआप पिशवीकडं जातो.

त्याच्या डोक्यातलं पोहण्याचं चित्र बहुधा क्रका नावाच्या दुसऱ्या राष्ट्रीय उद्यानातलं असणार. स्प्लिटपासून ते तास-सव्वा तासावर आहे. तिथल्या स्क्रादिन्स्की बुक या धबधब्याच्या पायथ्याशी लोक वर्षानुवर्षं डुंबायचे. पण १ जानेवारी २०२१पासून तिथंही पोहायला बंदी आहे. जुने फोटो आणि जुने व्हिडिओ अजून फिरतात, त्यामुळे खूप जण पोहण्याचे कपडे घेऊन जातात आणि हिरमुसतात. मुलाला पाण्यात उतरायचंच असेल तर स्प्लिटमधला बाचवित्से किनारा आहे, वाळूचा आणि उथळ. मे महिन्यात समुद्र गार असतो, पण नऊ वर्षांच्या मुलाला त्याचं काही वाटत नाही.

क्रकाचं नाव निघालंच आहे तर सांगते. सामान घेऊन वाटेत उतरायचं काही कारणानं जमलं नाही आणि स्प्लिटहून जाऊन-येऊनच करायचं ठरलं, तर मी तुमच्या कुटुंबासाठी प्लिटविचे सोडून क्रका निवडेन. प्रवास निम्म्याहून कमी. स्क्रादिन गावातून होडीनं धबधब्यापाशी जाता येतं, आणि त्याभोवतीची लाकडी वाट दोन किलोमीटरच्या आत संपते. सतरा पायऱ्यांवरून पाणी उतरतं, एकूण उंची ४६ मीटरच्या आसपास. प्लिटविचेइतकं विस्तीर्ण नाही, हे खरं. पण पाचही जण सगळं एकत्र बघतील. आणि बाबांसाठी: त्याच धबधब्याजवळ १८९५मध्ये पाण्यावर वीज तयार करून शिबेनिक शहराला पुरवली जायला लागली, जगातल्या अगदी सुरुवातीच्या अशा केंद्रांपैकी एक.

बाकीचं भराभर सांगते. प्लिटविचेची तिकिटं तास ठरवून विकली जातात, त्यामुळे आधी ऑनलाइन काढलेली बरी. सहलीच्या किमतीत तिकीट धरलंय का ते विचारा. खूपदा ‘प्रवेश शुल्क वेगळं’ हे खाली बारीक अक्षरात असतं. मोठ्यांचं तिकीट मे महिन्यात जून ते सप्टेंबरपेक्षा बरंच स्वस्त असतं, म्हणजे तुमच्या तारखा चांगल्या आहेत. शिवाय हिवाळ्याचा बर्फ आणि वसंतातला पाऊस यामुळे मे महिन्यात धबधबे भरलेले असतात. ऑगस्टअखेरीस तेच पाणी रोडावतं. मात्र त्याच कारणानं मे महिन्यात पाऊसही येतो, आणि उद्यान किनाऱ्यापेक्षा बरंच थंड असतं. स्प्लिटमध्ये ऊन बघून कुणी नुसत्या टीशर्टवर निघू नका. प्रत्येकाला टोपीचं पातळ जाकीट आणि पकड असलेले बूट, चपला नकोत. लाकडी वाटांना बहुतेक ठिकाणी कठडे नाहीत, तेव्हा मुलाला पाण्याच्या बाजूला नको, आतल्या बाजूला ठेवा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे आणि चलनही युरो झालंय. कुना या जुन्या चलनात दर लिहिलेली माहिती दिसली तर ती जुनी समजा, तिच्यातले बाकी दर आणि नियमही पुन्हा तपासा.

गाडी भाड्यानं घेण्याला माझा विरोध नाही. पण उजव्या बाजूनं गाडी चालवायची सवय नसलेल्या माणसानं अडीचशे किलोमीटर चालवून, मग पाच-सहा तास चालून, मग पुन्हा झाग्रेबपर्यंत चालवायचं, तर तो धबधबा काय बघणार? यजमानांनाही एक दिवस मागच्या सीटवर बसू द्या.

शेवटचं, फक्त तुमच्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिल्का तर्निना नावाची क्रोएशियाची एक विख्यात गायिका होती. युरोप-अमेरिकेच्या मोठ्या रंगमंचांवर गायली. तिनं झाग्रेबमधल्या आपल्या एका मैफलीचं उत्पन्न या तळ्यांच्या जपणुकीसाठी देऊन टाकलं. प्लिटविचेच्या खालच्या तळ्यांमधल्या एका धबधब्याला तिचं नाव आहे, कोझ्याकच्या होडीतून उतरल्यावर जी वाट खाली जाते त्याच वाटेवर. गाईडला आधी सांगून ठेवा की तिथवर किती पायऱ्या लागतात ते बघून आईंना सावकाश घेऊन जायचंय. आणि आईंना हे आत्ता सांगू नका. तिथं पोचलात की त्यांना बसवा, पाण्याकडं तोंड करून, आणि मग सांगा हा धबधबा कुणाच्या नावाचा आहे ते.